रिपोर्ट नॉर्मल आहे, मग त्रास कसला?

प्रश्न थोडक्यात असा: "वय ४४. सिंहगड रोडला राहते, शाळेत शिकवते. गेले आठ-नऊ महिने पाळीचा काही भरवसा राहिलेला नाही. कधी वीस दिवसांत येते, कधी पन्नास दिवस पत्ता नसतो. रात्री तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. मध्येच छातीत धडधडतं, पोरांवर उगाच खेकसते, केस विंचरताना हातात येतात, पोट सुटलंय. लॅबचं हार्मोनचं पॅकेज केलं, सगळं नॉर्मल आलं. घरी म्हणतात तू टेन्शन घेतेस. मैत्रीण म्हणते हार्मोन इम्बॅलन्स आहे, एक पावडर सुरू कर. मला नक्की झालंय काय?"

ताई, २६ वर्षं पुण्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे आणि हा प्रश्न आठवड्यातून सात-आठ वेळा तरी ऐकते. ओपीडीत एवढं बोलायला वेळ मिळत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी त्या शब्दाकडे बघू. 'हार्मोन इम्बॅलन्स' हे निदान मी कुणाच्या केसपेपरवर लिहीत नाही. मी नवीन होते तेव्हा बायका सांगत यायच्या, "पिशवीला सूज आहे म्हणालेत." कंबर धरली, अंगावरून पांढरं गेलं, पाळी लांबली, सगळ्याला पिशवीची सूज. आता तिची जागा इम्बॅलन्सने घेतली आहे. दोन्ही शब्द ऐकून बरं वाटतं, कारण त्रासाला नाव मिळतं. पण कुठलं हार्मोन, कमी की जास्त, आणि कशामुळे, हे ठरल्याशिवाय त्या नावावर औषध देता येत नाही.

तुमच्या वर्णनावरून सर्वांत जास्त शक्यता पेरिमेनोपॉजची, म्हणजे पाळी जाण्याआधीच्या काळाची वाटते. सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं म्हणतात, आणि ते नेहमी मागाहूनच कळतं. आपल्याकडे हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. तिकडचं वय वाचून अनेक जणी म्हणतात, "माझं अजून कुठे वय झालं?" इथल्या हिशेबाने ४४ ला सुरुवात होणं अजिबात लवकर नाही. ४० च्या आत पाळी थांबली तर मात्र गोष्ट वेगळी. तिची वेगळी तपासणी करावी लागते, "लवकर सुटलीस" म्हणून सोडून द्यायची नसते.

आत काय चाललेलं असतं? बहुतेकांना वाटतं की चाळिशीनंतर इस्ट्रोजेन दर वर्षी थोडं थोडं कमी होत जातं, टाकीतलं पाणी उतरावं तसं. तसं होत नाही. आधी गडबडतं ते बीज सुटणं. एखाद्या महिन्यात बीज सुटतं, एखाद्यात नाही. ज्या महिन्यात सुटत नाही त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन तयारच होत नाही. इस्ट्रोजेन मात्र चालू असतं, कधी कधी तर तरुणपणीपेक्षाही वर उसळी मारतं आणि दोन आठवड्यांत खाली आपटतं. इस्ट्रोजेन पिशवीचं अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन त्याला आवर घालतं. आवर घालणारं नसलं की अस्तर वाढत राहतं. मग पन्नास दिवस पाळी नाही, आणि आली की आठ-दहा दिवस थांबत नाही. हे हेलकावे काही जणींत वर्षभरात आटपतात, काही जणींत चार-पाच वर्षं चालतात.

म्हणूनच तुमचं पॅकेज नॉर्मल आलं. एफएसएच, म्हणजे ओव्हरीला कामाला लावणारं मेंदूकडचं हार्मोन, आणि इस्ट्रोजेन ही दोन्ही या काळात आठवड्याला बदलतात. मंगळवारी सकाळी रक्त दिलं, त्या सकाळी आकडा बरा होता, एवढंच तो रिपोर्ट सांगतो. पुढच्या महिन्यात तोच आकडा रजोनिवृत्ती झाल्यासारखा येईल आणि त्यानंतर पाळी येऊनही जाईल. २०१५ मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात स्पष्टच लिहिलं आहे की ४५ च्या वरच्या बाईची लक्षणं सरळ सरळ या काळाची असतील तर निदानासाठी एफएसएच करू नये. ४० ते ४५ मध्ये, पाळी बदलली असेल तर, त्या तपासणीचा विचार करता येतो, पण एका आकड्यावर भिस्त ठेवायची नाही. एएमएचची, म्हणजे शिल्लक बीजांचा अंदाज देणाऱ्या तपासणीची, तर इथे गरजच नाही. ती मूल हवं असणाऱ्यांच्या कामाची. सत्तर-ऐंशी तपासण्यांचं पॅकेज स्वस्तात पडतं हे मला मान्य आहे. पण त्यातल्या निम्म्या आकड्यांचं काय करायचं हे लॅबलाही माहीत नसतं आणि मलाही नाही.

मला जे लागतं ते बहुतेक घरांत स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेलं असतं. मागे धनकवडीच्या एक बाई आल्या होत्या, वय ४६. फाइल नाही, रिपोर्ट नाही. पर्समधून कालनिर्णयची चार पानं घडी करून काढली. प्रत्येक चौकटीत दुधाचा हिशेब, मध्येच गॅसचा नंबर लावल्याची तारीख, आणि कोपऱ्यात लाल पेनाने बारीक फुल्या. जास्त जायचं त्या दिवशी दोन फुल्या. रात्री घामाने उठल्या तर एक टिंब. मला पाच मिनिटांत दिसलं की आधी २६ दिवसांनी येणारी पाळी मग २२, मग ४१, मग १९ दिवसांवर आली, आणि टिंबं पाळीच्या आधीच्या आठवड्यात दाटलेली. आठ हजारांच्या पॅकेजमधून हे निघालं नसतं. तुम्हीही आजपासून एवढंच करा. ॲप चालेल, वही चालेल. दोन महिन्यांचं आणलंत तरी खूप झालं.

मात्र "वयाचं आहे" म्हणून सगळंच सोडून देऊ नका. माझ्या मते 'इम्बॅलन्स' या शब्दाचं खरं नुकसान इथे होतं. त्याच्या मागे दुसरे आजार लपतात, आणि ते आजार सापडले तर बरे होणारे असतात.

पहिली गोष्ट, रक्तस्राव. पाळी उशिरा येणं किंवा एखादी चुकणं याला मी घाबरत नाही. मी कान टवकारते ते या गोष्टींना: तासाला पॅड बदलावं लागणं, दहाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडणं, आठवडा उलटला तरी न थांबणं, दोन पाळ्यांच्या मध्ये जाणं, संबंधांनंतर डाग लागणं. आणि वर्षभर पाळी बंद असताना पुन्हा एक थेंब जरी दिसला तरी त्याच आठवड्यात दाखवायचं. "पाळी परत आली" असं हसून सांगणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. बहुतेकींत कारण साधं निघतं, पण पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर असाच एका डागाने सुरू होतो आणि या टप्प्यावर सापडला तर उपचार चांगले होतात. तपासणी म्हणजे आतून सोनोग्राफी, आणि गरज पडली तर अस्तराचा तुकडा घेऊन तपासणं. पाळी गेल्यानंतर अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड दिसलं किंवा रक्त परत परत दिसलं तर तुकडा घ्यावाच लागतो. ४५ च्या वर पाळी बेशिस्त जात असेल तरी मी तुकडा घेण्याकडेच झुकते. वजन जास्त असेल, मधुमेह असेल किंवा पूर्वीपासून पीसीओएस, म्हणजे बीज नियमित न सुटण्याचा त्रास, असेल तर त्याआधीही.

दुसरी गोष्ट, हिमोग्लोबिन. धडधड, दम लागणं, केस गळणं, थकवा, चिडचिड. ही यादी रजोनिवृत्तीची वाटते ना? हीच यादी लोह कमी असण्याचीही आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्त कमी आढळलं. पुण्यातल्या सोसायटीत राहणारी, फळं-भाज्या खाणारी बाई त्यात नसेल असं समजू नका. हडपसरच्या एका आयटीतल्या बाईंनी सहज सांगितलं की ऑफिसात त्या दिवसभर बर्फ चावत असतात. फ्रीजर उघडून ट्रे रिकामा करतात. मी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, पांढरीफटक. हिमोग्लोबिन ७.२. त्यांना वर्षभर "मेनोपॉजची एन्झायटी" म्हणून झोपेची गोळी चालू होती. बर्फ, कच्चे तांदूळ, खडू, माती असलं काही खावंसं वाटत असेल तर ते लाजून लपवू नका, आम्हाला त्यातूनच वाट सापडते. हिमोग्लोबिन बरं असलं तरी फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी, करून घ्या, साठा आधी संपतो. आणि रक्त कुठून जातंय ते शोधल्याशिवाय नुसत्या लोहाच्या गोळ्या म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं.

तिसरी गोष्ट थायरॉइड. या वयात टीएसएच करायचाच. पण एक पाहून ठेवा, केसांसाठी बायोटिनची गोळी घेताय का? बायोटिनमुळे थायरॉइडच्या रिपोर्टचे आकडे काही मशीनवर चुकीचे येतात. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ती बंद ठेवा. थायरॉइडची गोळी आधीपासून चालू असेल तर ती उठल्याबरोबर नुसत्या पाण्यासोबत, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर किमान चार तासांनी. निम्म्या बायका तिन्ही गोळ्या सकाळच्या चहाबरोबर एकदम घेतात आणि मग डोस वाढत जातो.

चौथी गोष्ट सहसा कुणी विचारत नाही म्हणून लिहिते, ॲसिडिटीच्या गोळ्या. आपल्याकडे ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये अनेकदा डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड जोडलेलं असतं. ही औषधं प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोन, वाढवतात. पाळी लांबते, थांबते, कधी छातीतून दूधही येतं. एक बाई अशाच आल्या होत्या. पाळी सहा महिने बंद, प्रोलॅक्टिन वाढलेलं, आणि दुसरीकडे मेंदूचा एमआरआय करायला सांगितलेला. मी म्हटलं, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. केमिस्टकडून परस्पर आणलेली ती कॅप्सूल त्या वर्षभर रोज घेत होत्या. ती थांबवली, दोन महिन्यांत पाळी आली.

या चार गोष्टी स्वच्छ निघाल्या, आणि सोबत साखरेसाठी एचबीए१सी आणि रक्तदाब पाहिला, की मग निवांतपणे म्हणता येतं, हो, हे हेलकावेच आहेत. मग त्यांचा बंदोबस्त.

गरम वाफांबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्या येऊ शकतात. मला पहिली वाफ आली ती ओपीडीत, डिसेंबरात, एका पेशंटची सोनोग्राफी करताना. छातीतून काहीतरी वर सरकलं, मान आणि कान तापले, कपाळावरचा घाम चष्म्यावर टपकला, आणि तीन मिनिटांत हुडहुडी. सिस्टरने न विचारता पंखा लावला. तीही पन्नाशीची. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं एक केंद्र असतं. एरवी तापमान थोडं वर-खाली झालं तर ते दुर्लक्ष करतं. इस्ट्रोजेन डगमगलं की त्याची ही सहनशक्ती आखडते. एक कप चहा, गॅससमोर दहा मिनिटं, एक चढण, एवढ्यानेही त्याला वाटतं आग लागली, आणि ते घाम सोडतं. वाफ म्हणजे बीपी नव्हे आणि 'उष्णता' झाली म्हणून सब्जा पिऊन जाणारी गोष्टही नव्हे. सब्जा प्या, वाईट काही नाही.

झोपेचं वेगळं. रात्री तीनला जाग येण्यामागे अनेकदा एक छोटी वाफच असते. बाईला घाम आठवत नाही, फक्त पांघरूण भिरकावलेलं सकाळी दिसतं. शिवाय प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत एक शांतवणारा पदार्थ तयार होतो. तो आटला की झोप वरवरची होते. झोप मोडली की चिडचिड आली, भूक चाळवली, दुसऱ्या दिवशी चहा वाढला, आणि त्या चहाने पुढची रात्र गेली. त्यामुळे घरच्यांच्या "टेन्शन घेतेस"ला माझं उत्तर असं: टेन्शनने झोप गेलेली नसते, बऱ्याचदा झोप गेली म्हणून टेन्शन पेलत नाही. तरीही एक सांगते. या काळात नैराश्याचं प्रमाण खरोखर वाढतं, विशेषतः बाळंतपणानंतर किंवा पाळीच्या आधी जिला पूर्वी हा त्रास झालेला आहे तिच्यात. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, किंवा नको ते विचार येत असतील, तर ते हार्मोनच्या खात्यावर न टाकता मनोविकारतज्ज्ञांना दाखवा.

धडधडीबद्दल: बसल्या जागी, वाफेबरोबर येऊन दोन मिनिटांत जाणारी धडधड सहसा निरुपद्रवी. जिना चढताना येणारी, छातीत दाब किंवा जबडा-डावा हात-पाठ दुखण्याबरोबरची, किंवा चक्कर आणणारी धडधड असेल तर त्याच दिवशी ईसीजी. बायकांचे हार्ट अटॅक "गॅस झाला असेल" म्हणत घरीच बसतात.

आता हार्मोनच्या गोळ्या, म्हणजे एचआरटी. यावर पुण्यात दोनच मतं ऐकू येतात, "कॅन्सर होतो" आणि "तारुण्य टिकतं". दोन्ही टोकाची. कॅन्सरची भीती आली २००२ मध्ये, अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला तेव्हा. त्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) दोन्ही घेणाऱ्या १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरचे ८ रुग्ण जास्त आढळले होते. बातमी झाली ती "कॅन्सर होतो" एवढीच. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे बातमीत आलं नाही. ६३ व्या वर्षी नव्याने सुरू करणं आणि ४७ व्या वर्षी रोज दहा वेळा घामाने भिजणाऱ्या बाईला देणं यांत फरक आहे. आज साधारण नियम असा की वय ६० च्या आत आणि पाळी जाऊन १० वर्षं व्हायच्या आत, त्रास खरोखर जास्त असेल आणि मनाई नसेल, तर फायदा धोक्यापेक्षा जास्त. पिशवी असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर अस्तर वाढतं. गोळीपेक्षा त्वचेवर लावायचं जेल किंवा पॅच घेतलं तर रक्ताच्या गुठळीचा धोका कमी. स्तनाचा कॅन्सर झालेली, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली, यकृताचा आजार असलेली, किंवा रक्त का जातंय हेच अजून न कळलेली, यांना नाही. ज्यांना नको किंवा चालत नाही त्यांच्यासाठी वाफांवर बिनहार्मोनी गोळ्याही आहेत. तुम्हाला ४४ व्या वर्षी, वाफा नसताना, मी लगेच एचआरटी सुरू करणार नाही. रक्तस्राव जास्त निघाला तर पिशवीत बसवायची हार्मोनची कॉइल सुचवेन. ती कॉपर-टीसारखीच दिसते पण काम उलटं करते, कॉपर-टीने रक्त वाढू शकतं आणि हिने घटतं.

पिशवी काढण्याबद्दल कुणी बोललं तर थांबा. "दोन पोरं झालीत, आता काय उपयोग, काढून टाका, कटकट संपली" हे वाक्य मी सुशिक्षित घरांतही ऐकते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा विषय विधिमंडळापर्यंत गेला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. शहरात ऊस नाही तोडावा लागत, पण विचार तोच. पिशवीबरोबर ओव्हरी काढल्या तर रजोनिवृत्ती एका रात्रीत येते, हेलकावे नाहीत, थेट कोसळणं. ओव्हरी ठेवल्या तरी त्या थोड्या लवकर थकू शकतात. मोठा फायब्रॉइड (पिशवीतली साधी गाठ), औषधाला दाद न देणारा रक्तस्राव, कॅन्सर किंवा त्याची आधीची पायरी असेल तर शस्त्रक्रिया मीही करते. नुसत्या इम्बॅलन्ससाठी करत नाही.

श्रावण लागला की माझ्या ओपीडीत वेगळीच गर्दी होते. मंगळागौर, मग गणपती, मग गौरी. "डॉक्टर, तेवढी पुढे ढकला." पाळी पुढे ढकलायची गोळी पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायची असते. ज्या बाईला स्वतःची तारीखच राहिलेली नाही तिने ती कधी सुरू करायची? मग दोन-दोन आठवडे आधीपासून चालू होते, मध्येच डाग लागतात, थांबवल्यावर भरमसाट जातं आणि त्यानंतरचे दोन महिने कॅलेंडर वाचता येत नाही. वजन जास्त, सिगारेट, पूर्वी गुठळी किंवा बीपी असेल तर ही गोळी केमिस्टकडून परस्पर घेणं धोक्याचंही आहे. माझ्या सासूबाई म्हणायच्या, गौरीला चालतं सगळं, आपल्यालाच चालत नाही. तुमच्या घरात कसं चालतं ते तुम्ही ठरवा. गोळी मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका.

दोन गोष्टी बायका नेहमी उठून दाराशी गेल्यावर विचारतात. एक, कोरडेपणा. संबंध दुखतात, लघवीला जळजळतं, वर्षात तीन-चार वेळा लघवीचं इन्फेक्शन होतं. वाफा काळाने कमी होतात, हा त्रास उपचार न केल्यास वाढत जातो. आत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम थोड्या मात्रेत असतं आणि रक्तात फारच कमी उतरतं. पण पत्रकावरचा मोठा इशारा वाचून बायका ट्यूब कपाटात ठेवून देतात. दुसरी, गर्भनिरोधन. पाळी बेशिस्त म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही. "मेनोपॉज आला" म्हणून चार महिने थांबलेल्या ४३ वर्षांच्या बाईला मी सोनोग्राफीच्या पडद्यावर ठोके दाखवले आहेत. तेव्हा खोलीत जी शांतता होती ती अजून आठवते. शेवटच्या पाळीनंतर, वय ५० च्या आत असेल तर दोन वर्षं आणि ५० च्या वर असेल तर एक वर्ष काळजी घ्यायची.

पोटाचा घेर हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि मी सगळ्यांत कमी औषध देणारा विषय. इस्ट्रोजेन उतरलं की चरबी मांड्यांकडून पोटाकडे सरकते आणि स्नायू घटतात. तेवढंच खाऊन वजन वाढतं, बाईची चूक नसते. उपाय मात्र तोच, स्नायू वाढवणं. तळजाई किंवा वेताळ टेकडी चढणं हाडांसाठी उत्तम, पण गप्पा मारत सपाटीवर चालणं आणि खाली येऊन मिसळ, याला मी व्यायाम धरत नाही. आठवड्यात दोनदा वजन उचलायचं. डंबेल नसतील तर पाच किलोची पिठाची पिशवी चालेल. दुपारच्या डब्यात पोळी-बटाटा असेल तर त्यात उसळ, अंडं किंवा पनीर घाला. कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, दही. हाडं पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत सर्वांत वेगाने झिजतात, म्हणून आत्ताचे दिवस महत्त्वाचे. आणि पोट 'फुगलंय' हे रोज, सलग तीन-चार आठवडे, थोड्या खाण्यानेही वाटत असेल तर ते वजन नव्हे. ओव्हरीची सोनोग्राफी करून घ्या.

मैत्रिणीच्या पावडरीबद्दल: डब्यावर घटक आणि त्यांचं प्रमाण लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. शतावरीशी माझं वैर नाही, पण तिने हेलकावे थांबतात असा भक्कम पुरावा मी पाहिलेला नाही. त्यात अश्वगंधा असेल आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगाच, ती थायरॉइडचे आकडे हलवू शकते. पंधरा दिवस जवस, पंधरा दिवस तीळ असं जे मोबाइलवर फिरतंय, ते चटणी म्हणून दोन्ही रोज खा. चवीला चांगलं लागतं.

तर तुम्ही काय करायचं? हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच, एचबीए१सी पॅकेजमध्ये झाले असतील तर ते कागद शोधा, नसतील तर तेवढेच करा. गेल्या दोन वर्षांत पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी, झाला नसेल तर तो, आणि एकदा स्तनांची तपासणी. पाळी चालू नसलेल्या दिवसांत जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. मात्र भसाभस जात असेल तर पाळी थांबायची वाट बघू नका, तशाच जा. रिकाम्या पोटी जायची गरज नाही. बरोबर कॅलेंडर, घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, ॲसिडिटीची आणि केसांची धरून, आणि आई-मावशी-बहिणींना पाळी कितव्या वर्षी गेली ते विचारून या. आईने कदाचित आजवर कुणाला सांगितलं नसेल. फोनवर विचारा, सुरुवातीला टाळेल, मग अर्धा तास बोलेल.